भाजावळीच्या वासाचा चहा

लेकीने आणलेल्या काळ्या चहाच्या पाकिटावर छापलंय, "पाइनच्या धुराचा गंध." वाचलं आणि मुंबईतल्या चहा कंपनीतला माझा पहिला आठवडा आठवला. चव घेऊन वर्णन लिहायचं होतं. घोट तोंडात घोळवला आणि थेट आमच्या शेतात पोचले. पेरणीआधी शेण, पालापाचोळा पसरून जमीन भाजतात ना, अगदी तो धूर! मी लिहिलं, "भाजावळ."

साहेबांनी ते खोडलं. "कंपनीच्या शब्दांच्या यादीतलं लिहा. पाइन."

"पाइन मी पाहिलेलाच नाही, सर."

सगळे हसले. मी मुकाट पाइन लिहिलं. वाटलं, माझीच जीभ अडाणी.

आज रत्नागिरीत, माझ्या ओट्याशी, पुन्हा तोच घोट. पाइन मी अजूनही पाहिलेला नाही. पेन घेतलं, पाकिटावरचा पाइन खोडला आणि ठसठशीत लिहिलं, भाजावळ. ज्याला कळत नसेल, त्याने चैत्रात आमच्या शेतावर यावं.