खड्ड्याला घातलेलं पाणी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि माझ्या बायकोपासून काही लपवणं म्हणजे काय, ते ती एकदा भेटल्याशिवाय तुम्हाला कळायचं नाही. मी बाहेर भजी खाऊन आलो तर ती दारातूनच ओळखते, कांद्याची की बटाट्याची. तिच्यापासून ही एक गोष्ट इतकी वर्षं लपली. कशी लपली? मीच खोल पुरली होती म्हणून.

आमच्या घरात मी ‘इंजिनियर’. मी सरकारी कचेरीतला टायपिस्ट; पदवी घरच्यांनी दिलेली. मिक्सर, इस्त्री, पंखा, काही बंद पडलं की माझ्या नावानं हाक. मी उघडलेल्या वस्तूंपैकी निम्म्या पुन्हा चालू व्हायच्या. उरलेल्यांचे स्क्रू एका डब्यात जपून आहेत. तरी हाक यायची. मला आवडायचं ते. खरं सांगू — फार आवडायचं. सगळं इथंच आहे, पण थांबा, मी पुढं पळतोय.

नंदा माझ्या धाकट्या भावाची बायको. घरांचे नकाशे काढायचं शिकलेली. लग्नानंतर ते सगळं ट्रंकेत गेलं, पण दुष्काळाच्या त्या वर्षांत गंमत अशी झाली की नळाला पाणी नव्हतं आणि बीड बायपासकडं इमारतींचा पूर आला होता. एका बिल्डरनं तिला सांगितलं, फ्लॅट बांधून झाल्यावर कसे दिसतील त्याची तीन चित्रं पंधरा दिवसांत काढून द्या. आवडली तर पुढचं सगळं काम तुमचं. त्यातल्या एका चित्रात तरणतलाव हवा होता. निळाशार. आमच्याकडं तेव्हा भांडी राखेनं घासून फडक्यानं पुसायचे.

असली चित्रं काढायला साधा कॉम्प्युटर पुरत नाही, वेगळं ग्राफिक्स कार्ड लागतं. औरंगपुऱ्यातल्या दुकानातून तिनं एकेक भाग निवडून आणला. दुकानवाले चाचा म्हणाले, “मैं आके जोड देता, बेटा.” मी मध्येच बोललो, “कशाला? मी आहे ना.”

आता ती दुसरी गोष्ट सांगायला हवी. अर्थिंगची. विजेचा दोष जमिनीत उतरावा म्हणून घराबाहेर खड्डा करून, मीठ-कोळसा घालून तार पुरतात. तिथली माती ओली राहिली तरच ती तार काम करते. म्हणून आमच्याकडं दर शुक्रवारी खड्ड्याला बादलीभर पाणी घालायचा रिवाज, आणि ते काम नंदाचं. टँकर सुरू झाले तेव्हा तिनं मला विचारलं होतं, “दादा, खड्ड्याला पाणी घालू का बंद करू?” मी ऐटीत म्हणालो, “बंद कर. इथं माणसं तहानली, खड्ड्याचे कसले लाड!” सगळे हसले. हे लक्षात ठेवा. मी नंतर विसरलो — म्हणजे, विसरल्यासारखं केलं.

रविवारी सकाळी जोडायला बसलो. माहितीची पुस्तिका चहाच्या कपाखाली होती. सगळं बसवून झालं, कार्डाला वीज देणारी वायर तेवढी राहिली, आणि बाहेर टँकरचा हॉर्न वाजला. घर रिकामं झालं. कळशा, बादल्या, हंडे, सगळे पळाले. मी एकटा.

वायरींच्या गुंत्यात दोन वायरी सारख्या दिसत होत्या. दोन्हींना आठ छिद्रं, जुळ्या बहिणीच. एक कार्डाची, एक प्रोसेसरची. मी हाती लागली ती घेतली. ती बसेना. बसत नाही म्हणजे ती तिथली नाही, एवढं शेंबड्या पोरालाही कळतं. मी अंगठ्यानं दाबली. कट्ट झालं, आणि मला वाटलं — जमलं!

बटण दाबलं. एक बारीक टिचकी. मग तो वास.

मी काय केलं? बटण बंद केलं, ती वायर उपसली, दुसरी लावली. खिडकी उघडली. नंदा कळशी घेऊन आत आली तेव्हा वायर बरोबर जागी होती आणि कार्ड मेलेलं होतं.

पडदा काळा. आतून शिट्टी येई — एक लांब, दोन तोकड्या. कार्ड काढलं की पडदा उजळायचा, लावलं की पुन्हा तेच. मला कारण ठाऊक होतं, तरी तीन दिवस मी ते शोधलं. रॅम काढून खोडरबरानं पुसली. केबल बदलली. पंखा फुंकला. नंदा शेजारी टॉर्च धरून उभी. बायको म्हणाली, “आता नारळ फोडा त्याच्यापुढं!” मी हसलो. हसू कसं आलं मला?

चौथ्या दिवशी आम्ही दोघं दुकानात गेलो. चाचांनी कार्ड नाकाशी नेलं. “जला हुआ है. साहब, वायर तो सही लगाई थी ना?”

“हौ, एकदम सही,” मी म्हणालो. आणि कुणी विचारलं नसताना पुढं बोललो, “हमारे यहाँ अर्थिंग सूखी पडी है. इन्होंने पानी डालना बंद किया था.”

इन्होंने.

नंदानं माझ्याकडं पाहिलं. एवढंच. ‘दादा, तुम्हीच म्हणाला होतात,’ हे चार शब्द तिच्याकडं होते. ती बोलली नाही. थोरल्या दिराला परक्या माणसासमोर खोटं पाडायचं नाही, हे तिला शिकवलेलं होतं. मला ते पक्कं ठाऊक होतं. त्याच्याच भरवशावर बोललो होतो मी.

दुसरं कार्ड घेणं तिला झेपणारं नव्हतं. पंधरा दिवस संपले, काम दुसऱ्याला गेलं. नंदा एका शाळेच्या कचेरीत लागली. तरणतलाव कागदावरही झाला नाही.

पण दुकानातून आलो त्याच्या दुसऱ्या सकाळी ती अर्धी बादली घेऊन अंगणात गेली. आंघोळीच्या वाट्याचं पाणी होतं ते. पुढं शाळेतही ती ओला टॉवेल अंगावर फिरवूनच जायची, आणि खड्डा पाणी प्यायचा. रोज. शुक्रवारची वाटही पाहिली नाही. अख्खा दुष्काळ. मी खिडकीतून बघायचो, दाढी करता करता.

ट्रक मागं घेताना जी शिट्टी वाजते ना, तिच्यात मला अजूनही त्याच शिट्ट्या, एक लांब आणि दोन तोकड्या, ऐकू येतात. येत नसतात. येतात.

मागच्या वर्षी घराची वायरिंग नवी केली. वायरमन म्हणाला, आता नव्या पद्धतीचं अर्थिंग आहे, पाण्याची गरज नाय. नंदा बरं म्हणाली. तिचे केस पांढरे झालेत आता. आज सकाळी मी अंगणात पेपर वाचत उभा होतो, नेमका त्या जुन्या खड्ड्यावरच. ती बादली घेऊन आली.

“दादा, जरा सरका. पाय भिजतील.”

मी सरकलो.