दिवसा दार लावणारी मुक्ताबाई

आमच्या गावात भांडखोर बाईचं उदाहरण द्यायचं झालं की आजही मुक्ताबाईचं नाव काढतात. जिभेला हाड नसलं की माणूस काहीही बोलतो. मी त्या गावात सहा वर्षं मास्तर होतो. त्या बाईशी माझंही कडाक्याचं भांडण झालं होतं. म्हणून मला सांगायचा हक्क आहे की चूक माझी होती, आणि माझ्यापेक्षा जास्त गावाची होती.

गाव बेलापूरच्या पुढचं, उसाच्या पट्ट्यातलं. मुक्ताबाईचा नवरा मच्छिंद्र साखर कारखान्यात पॅनमन होता. पॅन म्हणजे दोन पुरुष उंचीचं लोखंडी भांडं. त्यात उसाचा रस आटवून साखरेचा दाणा धरतात. दाणा धरला की नाही हे मच्छिंद्राची बोटं सांगत. काचेवर थेंब घ्यायचा, अंगठ्याने चोळायचा आणि ठरवायचं. जरा उशीर झाला तर सगळा माल भांड्यातच घट्ट बसायचा. चार वर्षं तो हंगामी म्हणून राबला होता. एकाहत्तर सालच्या हंगामात साहेबांनी शब्द दिला, यंदा माल बिघडला नाही तर तुला कायम करतो. सगळ्या घराचा जीव त्या एका शब्दात अडकला होता.

आता त्या कारखान्याची तऱ्हा ऐका. एक आठवडा सकाळपाळी, एक आठवडा दुपारपाळी, एक आठवडा रातपाळी, रात्री बारा ते सकाळी आठ. शरीराला नवी पाळी कळेपर्यंत आठवडा संपायचा आणि पाळी बदलायची. ज्याने कुणी ही पद्धत काढली तो स्वतः रोज रात्री दहाला अंथरुणावर पडत असणार. मी तेव्हा पेपरात वाचलं होतं की विमानाने अमेरिकेला जाणाऱ्या मोठ्या लोकांची झोप आठ-आठ दिवस उडते आणि डॉक्टर त्यांना तपासतात. आमच्या मच्छिंद्राला तेच सहा मैलांच्या सायकलीवर होत होतं. त्याला कुणी तपासलं नाही. गावाने मात्र लगेच निदान केलं, माणूस आळशी आहे.

कारण आमच्याकडे दिवसा झोपतो तो आजारी तरी असतो नाहीतर कामचोर. तिसरा प्रकार कुणाला ठाऊक नाही. आणि दिवसा घराचं दार लावायचं नसतं. दार उघडं हवं, आल्यागेल्याने डोकावायला हवं, 'जेवला का' म्हणून विचारायला हवं. मच्छिंद्र रातपाळी करून सकाळी नऊला यायचा, भाकरी खाऊन आडवा व्हायचा, आणि दर अर्ध्या तासाला कुणीतरी उंबऱ्यातून हाक मारायचं, "मच्छिंद्रा, बरं वाटंना का रं?" तो उठून बसायचा, बरं आहे म्हणायचा, पुन्हा आडवा व्हायचा. अशी विचारपूस करणाऱ्यांना माणुसकीचा केवढा अभिमान!

त्या हंगामात पौष महिन्यात एका शनिवारी रातपाळी लागली तेव्हा मुक्ताबाईने दार लावलं आणि खिडकीला गोणपाट ठोकलं. गावात असं कुणी केलं नव्हतं. सोमवारी शेजारची छबूबाई बोळातून चालली होती. दार बंद, खिडकी झाकलेली, आत चिटपाखरू नाही, असं पाहून तिने एवढाच अर्थ काढला की घरात कुणीतरी गेलं. तिने तिथेच बसकण मारून गळा काढला. बाया जमल्या. मच्छिंद्र डोळे चोळत बाहेर आला, तर त्याला पाहून दोघी किंचाळल्या. मुक्ताबाईने छबूबाईला जे सुनावलं ते मी इथे लिहू शकत नाही, पण त्यातला एकही शब्द वाया गेला नव्हता.

मंगळवारी माझी पाळी आली. शाळेचं छप्पर उडालं होतं म्हणून चौथीचा वर्ग मारुतीच्या देवळात भरायचा. देवळाची मागची भिंत आणि मच्छिंद्राच्या घराची भिंत यांच्यात हातभर बोळ होता. चाळीस पोरं एकोणतीसचा पाढा म्हणत होती. मुक्ताबाई पदर खोचून सभामंडपात आली.

"गुरुजी, तुमचं ते एकोनतीस मनातल्या मनात म्हना."

मी म्हणालो, "बाई, पाढे मनात म्हटले तर पोरं झोपतील."

पोरं हसली. मला माझ्याच विनोदाचं कौतुक वाटलं.

"मंग झोपू द्या की!" ती ओरडली. "ह्या गावात कुनीतरी झोपू द्या!"

मी तिला सांगितलं की शाळा सरकारी आहे, तुझ्या नवऱ्याच्या झोपेवर चालत नाही. ती गेली, आणि मी पोरांना आणखी मोठ्याने म्हणायला लावलं. मुद्दाम. एका बाईने वर्गात येऊन मला बोलावं याचा राग होता तो. हे लिहिताना आजही कान गरम होतात.

बुधवारी गावचा पुढारी कारभारी आला. कामधंदा काही नाही, पारावर बसून जगाची उठाठेव करायची. बंद दाराकडे बघून तो चार माणसांदेखत म्हणाला, "काय मुक्ताबाई, दिसाढवळ्या दार? रातीसाठी काई राहू द्या!" चार माणसं खो-खो हसली. मुक्ताबाईच्या हातात खरकट्या पाण्याचं घमेलं होतं. ते तिने कारभाऱ्याच्या धुतलेल्या धोतरावर ओतलं. त्यावर कारभाऱ्याने जी बोंब ठोकली तिने मच्छिंद्र तर उठलाच, पण पलीकडच्या वस्तीवरची कुत्रीही भुंकायला लागली.

आणि या सगळ्यांवर कडी म्हणजे मच्छिंद्राची आई राहीबाई. म्हातारी मायाळू होती, हीच अडचण. बाराला कामावर जायचं तर माणसाने संध्याकाळी तीन-चार तास तरी झोपावं. पण तिन्हीसांजेला अंथरुणावर माणूस दिसता कामा नये, लक्ष्मी दारातून परत फिरते, हे राहीबाईच्या हाडात मुरलेलं. ती रोज दिवा लावायची आणि पोराच्या डोक्यावरून हात फिरवून उठवायची, "मच्छू, ऊठ बाबा. दिवेलागन झाली. च्या घे." एवढ्या मायेने उठवलेल्या माणसाला पुन्हा झोप कशी लागणार? तो मुकाट्याने चहा प्यायचा आणि अकरापर्यंत भिंतीला टेकून बसायचा.

बुधवारी सकाळी कारखान्यातून येताना तो पारापाशी सायकलवरून पडला होता. खड्डा नव्हता, दगड नव्हता. चालत्या सायकलवर त्याचा डोळा लागला होता. कारभाऱ्याचं प्रकरण आटोपल्यावर दुपारी मुक्ताबाईने सासूचं बोचकं बांधलं.

"आत्याबाई, आठ दिस नेवाशाला वन्संकडं ऱ्हावा."

"माझ्याच घरातून मला काढती व्हय गं?"

"तुमच्याच लेकासाठी काढते."

तिने म्हातारीला एसटीत बसवून दिलं. संध्याकाळपर्यंत गावभर झालं की मुक्ताबाईने सासूला घराबाहेर हाकललं. कुणी हे विचारलं नाही की का. मला मात्र सायकलवरून पडलेला मच्छिंद्र दिसला होता. गुरुवारी मी वर्ग गावाच्या दुसऱ्या टोकाला चिंचेखाली नेला. दोन दिवस उशिरा सुचलेलं शहाणपण, त्याचं कौतुक कुणी करू नये.

गुरुवारी शाळा लांब, म्हातारी नेवाशाला आणि कारभारी धोतर वाळवत बसलेला. घराकडे कुणी फिरकलं नाही. आणि त्याच रात्री मच्छिंद्र पॅनसमोर उभ्याउभ्या झोपला. माल घट्ट बसला. कारखाना पाच तास बंद. सकाळी त्याच्या हातात कागद दिला, तीन दिवसांत लेखी खुलासा करा.

गावाने टाळ्या पिटायच्याच बाकी होत्या. "गुरुवारी तर दिसभर कुनी उठिवलं न्हाई! तरी रातीला झोपला! म्हंजे मुळात झोपाळूच!" कारभारी पारावर प्रत्येकाला हे ऐकवत होता.

पुढे काय झालं ते आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे कुणी उगाच आशा धरायला नको. खुलाशाचा काही उपयोग झाला नाही. मच्छिंद्राला पॅनवरून काढलं आणि साखरेची पोती शिवायला बसवलं, हंगामीच. जी बोटं दाणा ओळखायची त्यांना सुतळी ओढायला लावली. याचा मला तेव्हा संताप आला होता आणि अजून तो गेलेला नाही.

तो खुलासा मीच लिहिला. शनिवारी शाळा सुटल्यावर दोघं आली. मच्छिंद्र खाली मान घालून म्हणाला, "झोप लागली, एवढंच लिवा."

"तसं न्हाई," मुक्ताबाई म्हणाली. "कुनी कुनी उठिवलं त्यांची नावं लिवा. सोमवारी छबूबाई. बुधवारी कारभारी. तिन्हीसांजंला माझी सासू, चार दिस. लिवलं? मंगळवारी तुमी."

माझा हात थांबला.

"का? लिवा की. गुरुजींचं नाव आलं की शाई वाळती व्हय?"

मी माझं नाव लिहिलं. मग विचारलं, "आणि गुरुवारी?"

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. 

"गुरवारी मी उठिवलं," ती म्हणाली.

मला कळेना. मच्छिंद्रही तिच्याकडे बघत नव्हता.

"सा दिस झोप न्हाई, त्या दिशी बी चारपतुर डोळा लागंना. मंग लागला. तिन्हीसांजंला मी दिवा लावला आन् बघितलं, तर मानूस हालंना. रोज झोपंत कण्हायचं, कूस बदलायचं. त्या दिशी काईच न्हाई. नाकाशी हात धरला तर माझाच हात थरथरत हुता, मला काई कळंना. छबूबाईचं ते रडनं कानात बसलं हुतं. मला वाटलं, गेलं माझं मानूस. मी गदागदा हालविलं, वरडले. त्ये दचकून उठलं त्ये उठलंच. पुन्हा डोळा लागला न्हाई." तिने कागदावर बोट आपटलं. "पयलं नाव माझं लिवा. बाकीचे परके हुते. मी तर राखनीला बसले हुते."

मी लिहिलं. दुसरं काय करणार होतो?

तेव्हा मच्छिंद्र बोलला. एरवी हूं-हूं पलीकडे न जाणारा माणूस. "गुरुजी, हिचं नाव खोडा. ही घाबरली म्हून उठिवलं. आन् ही कवा झोपली त्ये इचारा हिला. मी दिसा पडतो तवा ही दारात बसती. भांड्याचा आवाज नको, जात्याचा नको, म्हून दळन, धुनं, भांडी समदं मी रातीला गेल्यावर करती. आठ दिस झाले. इचारा तिला."

मी कागदावरून मान वर केली. आठवडाभर त्या बाईच्या तोंडाकडे मी पाहिलं होतं ते फक्त उलट उत्तर द्यायला. तिचे डोळे त्याच्या डोळ्यांहून लाल होते.

"मला काय धाड भरलीया?" ती खेकसली. "लिवा तुमी."