सोनगाल्याच्या पोटातला दाणा

पाश्कूला अक्षरओळख नव्हती, पण रंगात तिला कुणी फसवून दाखवावं! मेक्सिकोतल्या चियापासच्या डोंगरात, घरामागच्या ओकच्या रानात तिनं साठ वर्षं मेंढ्या राखल्या. त्यांचीच लोकर कातायची, कमरेला माग बांधून झाडाखाली बसायचं आणि समोर दिसेल ते विणायचं, यातच तिचा जन्म गेला.

त्या थंडीत गावानं ते रान कोळशासाठी तोडायचं ठरवलं आणि पाश्कूचा जीव अर्धा झाला. गावाचा मुखिया मानवेल, म्हणजे तिचा सख्खा धाकटा दीर. ती तडक त्याच्या दारात गेली.

"वहिनी, मी काय करू? उत्तरेकडून येणारा तो दुर्मिळ पक्षी, सोनगाल्या वटवट्या, इथं दिसला, तर कुऱ्हाड लावायची नाही असं सभेनं कबूल केलंय. पण दिसायला तर हवा ना!"

"रोज तुमच्या टोपीवर शिटतो, भाऊजी! मान वर करा की जरा."

"तो नेहमीचा पिवळा वटवट्या. दोघं दिसायला सारखेच. शहरातल्या बाई रविवारी येतायत, त्या सांगतील."

पाश्कूनं वाद घातला नाही. चार दिवस मागावर बसली आणि रविवारी भर सभेत तिनं ते पाखरू विणलेलं कापड उलगडलं. शहरातून आलेली पक्ष्यांची जाणकार इत्सेल, पंचविशीची पोर, कापडावर वाकली.

"पिवळा गाल. डोळ्यातून गेलेली काळी रेघ. अगदी बरोबर, मावशी!" मग तिचा चेहरा उतरला. "पण पोटाखाली पिवळं आहे. हा नेहमीचाच. सोनगाल्याचं पोट पांढरं असतं."

"झालं! वहिनी, पाखरानंच दगा दिला," मानवेल म्हणाला. मागे कुणीतरी कुऱ्हाडीला धार लावायची भाषा करू लागलं.

पाश्कू क्षणभर गोंधळली आणि मग जी हसत सुटली, की डोळ्यांना पाणी आलं.

"अगं वेडे, तो त्याचा रंग नव्हे, ते त्याचं जेवण! विणलेला जीव आम्ही उपाशी ठेवत नाही. पोटात मक्याचा दाणा घालतोच."

बायकांनी भराभर पदर, बाह्या पुढे केल्या. बेडूक, मेंढी, वटवाघूळ, साऱ्यांच्या पोटात एकेक पिवळा टाका!

"भाऊजी, तुमच्या अंगरख्यावरचा बैल बघा. मीच जेवू घातलाय त्याला."

मानवेल खाली मान घालून बैलाचं पोट बघू लागला. सभा खो खो हसली.

"मग खऱ्या पाखराचं पोट कसं, मावशी?"

"धुतलेल्या लोकरीसारखं. चल, दाखवते."

अख्खी सभा मागोमाग चढली. पाश्कू तिच्या रोजच्या ओकखाली थांबली, ओठांवर बोट ठेवलं. पाखरांचा थवा आला. त्यातलं एक अळीसाठी फांदीला उलटं लटकलं. इत्सेलनं दुर्बीण लावली. "गाल... रेघ... पोट..." ती पुटपुटली आणि दुर्बीण मानवेलच्या हातात कोंबून पाश्कूच्या गळ्यात पडली.

मानवेलनं बराच वेळ पाहिलं. "शेपटीपर्यंत पांढरं आहे हो," तो ओशाळून म्हणाला. "जिंकलात, वहिनी. रान राहिलं."

पाश्कूनं ओकच्या खोडावर हात ठेवला.

इत्सेलनं ते कापड मागितलं, शहरात लोकांना दाखवायला. "फक्त तो पिवळा टाका उसवून द्याल, मावशी? नाहीतर लोक चुकतील."

"चुकू देत," पाश्कू म्हणाली. "एवढ्या लांबून उडत येतं बिचारं. माझ्या गावात आल्यावर तरी पोटभर जेवू दे."