सभागृहाची किल्ली

आमच्या कॉलेजच्या सभागृहाची किल्ली शिपायाच्या गळ्यातच असते, तरी मागितली की तो आधी सगळे खिसे चाचपतो. तेवढ्यात समोरच्याची भाषा ओळखतो. कन्नड मंडळाच्या पोरांशी कन्नड, तेलुगूवाल्यांशी तेलुगू, उर्दूवाल्यांशी दखनी. त्यामुळे प्रत्येक मंडळाला तो आपलाच माणूस वाटतो.

सांस्कृतिक विभाग यंदाच माझ्या गळ्यात पडला. तिन्ही मंडळांनी मेळाव्यासाठी शिपायाकडं गुपचूप एकच दुपार मागितली आणि यानं तिघांनाही मान डोलावली. दोन वाजता, सोलापूरच्या उन्हात, दारापुढं तीन बॅनर आणि एक भांडण. मी घामाघूम. यानं शांतपणे खिसे चाचपले आणि दार उघडलं.

"आत बसून भांडा की, हितं ऊन लई हाय. माईक एकच हाय, तेवढं बगा."

तासाभरानं आतून तेलुगू गाणं, कन्नडवाल्यांची ढोलकी आणि उर्दूवाल्यांच्या शिट्ट्या एकदमच ऐकू आल्या.

"तिघांनाही हो म्हणालात? एवढी मोठी चूक कशी झाली हो?" मी विचारलं.

"दरवर्षीच हुती की, मॅडम," तो पुन्हा खिसे चाचपत म्हणाला. "पोरं नवी असत्यात, म्हणून जमतंय."