नाव खरवडलेली पोथी

एका बाईंच्या दिवंगत नवऱ्याला मी त्यांच्याच दिवाणखान्यात, त्यांनीच केलेला केक खात खात, चोर ठरवलं. सेवेत असताना हे केलं असतं तर खात्याने चौकशी लावली असती. निवृत्तीनंतर केलं, तेही अमेरिकेत, म्हणून मुलीची बोलणी खाऊन सुटलो. लोक मला गाजलेले खून आणि दरोडे विचारतात. मला मात्र हीच केस विसरता येत नाही आणि हिच्यात मुळात गुन्हाच नव्हता.

मुलगी ॲन आर्बरला असते. त्या हिवाळ्यात मी तिच्याकडे होतो. बाहेर गुडघाभर बर्फ, आत मला काम नाही. निवृत्त फौजदार रिकामा बसला की घरातच ठाणं उघडतो. जावयाने दूध आणायला एवढा वेळ का लावला, याची मी उलटतपासणी घेतली, तेव्हा मुलीने मला उचलून तिथल्या आपल्या मंडळींच्या पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, नेलं.

खबर मिळाली ती तिथेच. खबर देणारी नागपूरची एक पोरगी, युनिव्हर्सिटीत पीएचडी करणारी. जय भीम घालून शेजारी बसली. विषय विचारला तर म्हणाली, "मध्ययुगातली लॅटिन हस्तलिखितं."

"लॅटिन करून जॉब मिळतो का गं?"

"संस्कृत करून मिळतो का, काका?"

मी वांग्याची भाजी वाढून घेतली.

मग तिने अडचण सांगितली. ती एका वयस्क अमेरिकन बाईंच्या घरी वरच्या खोलीत भाड्याने राहायची. बाईंच्या नवऱ्याच्या मागे एक पोथी राहिली होती. चामड्यावर हाताने लिहिलेली, लॅटिनमधली, ख्रिस्ती धर्मशास्त्राची. बाई घर सोडून वृद्धांच्या वसाहतीत चालल्या होत्या आणि पोथी ग्रंथालयाला देऊन मगच जायचं म्हणत होत्या. पण ग्रंथालय विचारत होतं, ही तुमच्या नवऱ्याकडे आली कशी? कागद दाखवा. कागद नव्हता. आणि बाईंचा पुतण्या टपून बसला होता. त्याच्या ओळखीचा एक व्यापारी अशा पोथ्या कापतो, पान पान सुटं करून फ्रेममध्ये घालतो आणि विकतो.

"कापतो?"

"कापतो, काका. ब्लेडने. एकदा सुटी झाली की ती पोथी जगात कुठेच राहत नाही. तुम्ही पोलीसमध्ये होता ना? जरा बघाल का?"

मला एवढंच हवं होतं. दुसऱ्या दिवशी जावयाची टॉर्च घेऊन हजर झालो.

बाई ठेंगण्या, पांढऱ्याशुभ्र केसांच्या. माझ्या इंग्रजीला न हसण्याइतक्या सभ्य. केक समोर ठेवून त्यांनी पोथी आणली. पोरीने मला मेंढीच्या कातड्याचं पान दाखवलं. एका अंगाला पांढरं आणि मऊ, दुसऱ्या अंगाला पिवळट, लोकर उपटल्याचे बारीक ठिपके अजून दिसणारं. समासात ओळी आखण्यासाठी टोचलेली भोकं. एका ठिकाणी कातडं फाटलेलं आणि दोऱ्याने शिवलेलं, आणि लिहिणाऱ्याने त्या शिवणीला वळसा घालून वाक्य पुढे नेलेलं.

"आत काय लिहिलंय?"

"आधी प्रश्न, मग त्यावर आक्षेप, मग आक्षेपाला उत्तर. माणसाने पाप केलं तर दोष कुणाचा, असं सगळं."

म्हणजे कोर्टातला सरतपास आणि उलटतपास. मला पोथी आवडायला लागली.

पहिल्या पानावर मी टॉर्च तिरपी धरली आणि माझ्यातला फौजदार ताडकन उभा राहिला. वरच्या बाजूला कातडं खरवडलेलं होतं. चोरीच्या मोटारसायकलींचे घासलेले चासी नंबर बघण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. मालकाचं नाव घासलं म्हणजे माल चोरीचा, हे ठाण्यातल्या नव्या शिपायालाही कळतं. केकचा घास गिळायच्या आधीच मी विचारलं, "तुमचे मिस्टर हा माल कुठून आणायचे?"

पोरीने डोळे मिटले. बाईंनी पोथी मिटली, उचलली आणि कपाटात ठेवली. "माझा नवरा पुस्तकं शिवायचा. चोरायचा नाही," त्या म्हणाल्या. "पुतण्याला उद्या फोन करते. घेऊन जाऊ दे त्याला. पुन्हा कुणी या घरात असला प्रश्न विचारायला नको."

बाहेर बसस्टॉपवर पोरगी माझ्यावर उखडली. "काका, ते खरवडणं सहाशे वर्षांपूर्वीचं आहे यार! एका मठाने आपलं नाव लिहिलं. पोथी दुसऱ्या मठात गेली, त्यांनी चाकूने ते काढलं आणि त्याच जागेवर आपलं लिहिलं. तेव्हा सगळेच तसं करायचे. खरवडलेल्या जागेवर जुन्या शाईत दुसरं नाव आहे, ते नाही दिसलं तुम्हाला?"

"दिसलं. पण मला लॅटिन कुठे येतं?"

"मग थांबायचं ना!"

खरं तर लॅटिनची गरजच नव्हती. ओरखड्यावर रंग चढलेला असेल तर ओरखडा आधीचा, हे मी स्वतः ठाण्यातल्या पोरांना शिकवलेलं.

घरी मुलीला सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही माफी मागायला जा. आणि गप्प बसा."

दोन्ही केलं. सकाळी डबाभर पोहे घेऊन बाईंच्या दारात उभा राहिलो आणि माफी मागितली. त्यांनी आत घेतलं ते थंडीमुळे, माझ्यामुळे नव्हे. आमच्या ठाण्यात एक जुने हवालदार होते. अडलेला माणूस समोर आला की ते एकही प्रश्न न विचारता चहा पाजायचे, आणि माणूस आपण होऊन बोलायला लागायचा. मी तसाच बसलो. बाई पोहे खात राहिल्या. तिसऱ्या घासाला डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, नवऱ्याची आठवण. निघाली मिरची.

मग त्या बोलल्या. गावाबाहेर पाद्री घडवणारी एक शाळा होती. तळघरात पाणी शिरलं, पुस्तकं भिजली. नवऱ्याने हिवाळाभर ही पोथी पान पान वाळवून पुन्हा शिवली. पुढे शाळा बंद पडली, तेव्हा ती त्याला मिळाली. कागद? कागद शोधून त्यांनी सगळे खण उपसले होते.

तोंडातून प्रश्न जाणार होता, 'पावती का घेतली नाही?' मुलगी आठवली. वेगळंच विचारलं. आमच्याकडे साध्या चाकूचा पंचनामा करायचा तरी दोन पंच लागतात. कागद मागाहून होतो, आधी माणसं उभी करतात. म्हणालो, "ती मिळाली तेव्हा तिथे हजर कोण होतं?"

बाईंनी चमचा खाली ठेवला. हे त्यांना कुणीच विचारलं नव्हतं. "फादर होते," त्या म्हणाल्या. "त्यांनीच गाडीतून आणून दिली. उशीच्या अभ्र्यात गुंडाळून."

"आहेत?"

"आहेत की. मी राहायला चाललेय त्याच वसाहतीत. पत्त्यांत लबाडी करतात."

त्याच दुपारी बाई, पोरगी आणि मी, तिघं बसने गेलो. फादर व्हीलचेअरमध्ये होते, पण आवाज खणखणीत. त्यांनी पोथी मांडीवर घेतली, शिवणीवरून अंगठा फिरवला. "दिली म्हणजे काय? मीच दिली. शाळेचा प्रमुख तेव्हा मी होतो. मी त्याला म्हटलं, आम्ही हिला बुडवली, तू वाचवलीस, आता तूच सांभाळ." पोरीने जबाब लिहून घेतला. फादरनी सही केली. पंच म्हणून वसाहतीच्या नर्सची आणि फादरच्या पत्त्यांतल्या जोडीदाराची सही मी आग्रहाने घेतली. ग्रंथालयाला पंच नको होते. मला हवे होते.

तो जबाब ग्रंथालयाला चालला. शाळेच्या जुन्या संस्थेकडून त्यांनी खात्रीही करून घेतली, त्यात आठवडे गेले. तोवर पोथी बाईंच्या कपाटात होती आणि पुतण्या रोज फोन करत होता; बाई दाद देत नव्हत्या.

या केसने मला शिकवलं ते असं. आयुष्यभर मी वस्तूवरून माणसाची पारख केली. घासलेला नंबर दिसला की समोरचा चोर. ती पोथी किती मठांतून, किती हातांतून गेली. प्रत्येकाने आधीच्याचं नाव पुसलं, पण पान कुणी फाडलं नाही. मालकी बदलली, सांभाळ बदलला नाही. हे बघायला चोर पकडणारा डोळा पुरत नाही.

पोथी सुपूर्द केली त्या दिवशी ग्रंथालयाच्या बाईंनी हातात घेऊन ती हलकेच उघडली आणि शिवण बघून म्हणाल्या, "फार सुंदर काम आहे." आमच्या बाईंचा चेहरा असा उजळला की मी दुसरीकडे बघितलं. मग ग्रंथालयाच्या बाई माझ्याकडे वळल्या. "आणि हे कोण?"

मी कोट सारखा केला.

"हे?" आमच्या बाई डोळे मिचकावून म्हणाल्या. "हे नसते तर पोथी तुम्हाला एक दिवस आधी मिळाली असती. फादरचं नाव मी पहिल्याच दिवशी सांगणार होते, ह्यांनी बोलूच दिलं नाही."