उजव्या खांद्यावरची रायफल

माझे सासरे फौजेतले आणि पक्के डावखुरे. आयुष्यभर रायफलचा दस्ता डाव्या खांद्याला लावलेला. मागे साताऱ्याला त्यांना पेसमेकर बसवला, तो नेमका त्याच खांद्याखाली.

"इथं बंदुकीचा धक्का अजिबात नको. वायर तुटू शकते," डॉक्टरांनी बजावलं.

"आन् उजव्या खांद्याला चालंल?" मामंजींनी विचारलं.

डॉक्टर हसले, मग त्यांचा चेहरा बघून थांबले. "जखम पूर्ण भरू दे. मग मला विचारून, आणि धक्का अगदी कमी असेल तरच."

पण उजवा खांदाही संधिवातानं आखडलेला. मी सांगलीत विश्रामबागेत रुग्णांना फिजिओथेरपी देते, त्यामुळे तो किती उचलतो हे मला पक्कं ठाऊक होतं.

"मामंजी, कशाला हा हट्ट?"

"हट्ट न्हाई गं पोरी. सांगलीला माजी सैनिकांची नेमबाजी हाय. समदी येत्यात. म्या नुसत्या टाळ्या वाजवू व्हय?"

इस्लामपूरला त्यांचे पलटणीतले एक दोस्त राहतात. नोकरीभर त्यांनी हत्यारंच दुरुस्त केली. ते घरी आले, मामंजींच्या स्वतःच्या रायफलच्या दस्त्याच्या टोकाला जाड रबरी गादी बसवली, आतल्या पोकळीत शिसं भरलं.

"हत्यार जड झालं की धक्का कमी लागतो. वजन टेबलावरच्या वाळूच्या पिशव्या पेलतील. आन् गड्या, पालथं पडून मारायचं न्हाई आता. टेबलाशी ताठ बस. अंग जरा मागं गेलं की धक्का जिरतो."

डॉक्टरांनी होकार दिल्यावर ओसरीवर रिकाम्या रायफलचा सराव सुरू झाला. डावा डोळा एकटा मिटेना, म्हणून त्यावर रुमाल बांधला. उजवं बोट घोड्यावर थरथरायचं. मी शिकवलेले व्यायाम ते न कुरकुरता करत. सत्तरी ओलांडलेलं शरीर नवं काही शिकत नाही, असं मी कितीतरी रुग्णांच्या घरच्यांना समजावलं होतं. इथं ते माझ्या डोळ्यांदेखत शिकत होतं. चहाचा कप हातात धरून मी तशीच उभी राहायचे.

नेमबाजीच्या दिवशी पहिला बार उडाला तेव्हा मी डोळे मिटले. उघडले तर मामंजी गालात हसत होते.

"लागलं का?"

"वासरानं ढुशी दिल्यागत. लय न्हाई."

लक्ष्याचं कार्ड आलं. सगळी भोकं मध्यापासून खाली, एका बाजूला. पण इतकी जवळजवळ, की एका वाटीखाली झाकली असती. नंबर काही आला नाही. इस्लामपूरच्या दोस्तांनी कार्ड उजेडाकडे धरलं.

"परत शिकलास रं," ते म्हणाले आणि त्यांनी मामंजींची पाठ थोपटली.

पुढच्या तपासणीत यंत्र ठणठणीत निघालं. डॉक्टरांनी ते कार्ड मागून घेतलं, भोकांवरून बोट फिरवलं आणि मामंजींसाठी उठून उभे राहिले.