ओठांतली सरकी

आर्णीच्या बसथांब्यावर गावंडे मास्तर मला पोहोचवायला आले होते. सायकल भिंतीला टेकवायचं त्यांना सुचलं नाही, एका हातानं ती धरूनच उभे राहिले. बाबा माझी ट्रंक टपावर चढवत होते आणि वरच्या क्लीनरला बजावत होते, "हळू ठेव बाप्पा. पुस्तकं हायेत त्याच्यात, कपडे नाही." मी जबलपूरला निघाले होते. तिथल्या मुलींच्या कॉलेजात ग्रंथपालाची जागा मिळाली होती, आणि आमच्या घरातून कोणीही इतक्या दूर गेलेलं नव्हतं.

मी खिडकीत बसले तेव्हा मास्तर सायकलसकट जवळ आले. "सरकी परीक्षेपुरती होती बाई," ते म्हणाले. "तू त कायमचीच धरून बसली. थुंकून टाक आता. बोलत जाजो लोकाईशी."

बस सुटली. मी फक्त मान हलवली.

गेल्या आठवड्यात बाबांचं पत्र आलं. मास्तर गेले. त्यांच्या ओसरीत माझ्याबरोबर बसणारे तुम्ही सहा जण आता कुठे कुठे आहात, मला नीट माहीत नाही. दोघं आर्णीतच आहेत, एक भिलईला गेला असं ऐकलं, बाकीच्यांचा पत्ता नाही. हे तुमच्यासाठी लिहिते आहे, आणि ज्यांनी मास्तरांना कधी पाहिलं नाही त्यांच्यासाठीही.

आर्णीची आमची शाळा जिनाला, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढणाऱ्या कारखान्याला, लागून होती. दिवाळीनंतर कापूस यायला लागला की जिनाचं इंजिन दिवसभर धडधडायचं आणि वर्गात बाजूच्याचं बोलणंही ऐकू यायचं नाही. भूमितीचं पुस्तक वर्गात एकच होतं, मास्तरांचं. ते मोठ्यानं प्रमेय वाचायचे, आम्ही त्यांच्यामागून ओरडायचो. इंजिनाच्या वर आवाज काढायचा, म्हणजे ओरडणंच. घरी मी तेच प्रमेय म्हणत शेण काढायची, पाणी भरायची. मला सगळं पाठ होतं. पण ते तोंडात होतं, आणि तोंडातून निघाल्याशिवाय हाताला मिळत नव्हतं, हे मला तेव्हा कळलेलं नव्हतं.

मॅट्रिकचं केंद्र यवतमाळला होतं. मोठा हॉल, उंच खिडक्या, आणि इतकी शांतता की शाईत टाक बुडवलेला ऐकू यावा. भूमितीच्या पेपराला मी लिहायला बसले आणि नेहमीसारखी म्हणायला लागले. पर्यवेक्षकांनी एकदा टोकलं. दुसऱ्यांदा टोकलं. तिसऱ्यांदा ते माझ्या बाकाशी थांबले. "कोणाला सांगते आहेस?"

मी उठून उभी राहिले. मोठं माणूस जवळ आलं की आम्ही उभे राहत असू. त्यांना वाटलं, पकडली गेले म्हणून उठले. त्यांनी उत्तरपत्रिका घेतली आणि मला व्हरांड्यात उभं केलं. मी कोणाला सांगत होते? मलाच. गणितात गेले म्हणजे मॅट्रिक गेलीच.

जूनमध्ये निकाल लागला आणि त्याच आठवड्यात नेरच्या एका घरचं बोलणं आलं. माणसं चांगली होती, शेती होती. आईनं लुगडं पाहून ठेवलं. अशात एका सकाळी मास्तर सायकलवर दोन कोस आमच्या गावाला आले. बाबा वखर दुरुस्त करत होते. मास्तर खाटेवर बसले नाहीत, बाबांच्या समोर मातीतच बसले.

"पोट्टी नापास नाही झाली, भाऊ. माही पद्धत नापास झाली. मीच यायले तोंडानं शिकवलं. पेपर हातानं लिवा लागते, हे मले पंधरा वर्षांत समजलं नाही."

बाबांनी हातातला हातोडा खाली ठेवला. मास्तरानं स्वतःची चूक कबूल केलेली त्यांनी कधी ऐकली नव्हती. मीही नव्हती.

"एक साल देतो मास्तर," ते म्हणाले. "दुसरं मांगू नोका."

नेरच्या लोकांना त्यांनी काय सांगितलं, ते मला आजही माहीत नाही. इतकं माहीत होतं की पुढच्या मार्चपर्यंत मला माझं तोंड बंद करायला शिकायचं आहे, नाहीतर एप्रिलमध्ये माझी वरात नेरला जाईल.

मास्तरांनी त्या वर्षी दर रविवारी सकाळी आपल्या घराच्या ओसरीत आम्हा सात जणांची परीक्षा घ्यायला सुरुवात केली. खरी परीक्षा. घंटा म्हणून पितळी ताट, दोरीनं बांधलेला लिफाफा, पाठीवर पिनेनं लावलेले नंबर. आणि प्रत्येकाच्या तळहातावर एक सरकी. कापसातून रुई काढल्यावर उरणारं ते काळसर, केसाळ बी. जिनात तिचे ढीग असत, ढोरांना चारायला नेत. ती ओठांत धरायची आणि तीन तास लिहायचं. पडली, म्हणजे बोललात. पडली की तो प्रश्न खोडायचा.

पहिल्या रविवारी माझी सरकी अकरा वेळा पडली. मी मोजत नव्हते, मास्तरांनीच सांगितलं. एकदा तर गिळली. "चाल्ते," ते म्हणाले, "गाय बी खाते, तिले काही होत नाही," आणि दुसरी दिली.

पर्यवेक्षक कोणी परका पाहिजे होता. मास्तरांच्या चालण्याची आम्हाला सवय, त्याची भीती वाटेना. म्हणून त्यांनी जिनाचं इंजिन सांभाळणारे अब्बास मिस्त्री बोलावले. पण अब्बास मिस्त्रींनाही आम्ही सगळे ओळखत होतो. मास्तरांनी त्यांना आपला काळा कोट चढवला, टोपी दिली. कोटाच्या बाह्या मनगटाच्या वरच राहिल्या आणि हातांवरचं ग्रीस काही लपलं नाही. आम्ही हसलो. सात सरक्या खाली.

"हसू नका," अब्बास मिस्त्री गंभीरपणे म्हणाले. "मी अब्बास नाही. मी गव्हर्मेंट हाये."

मग ते रांगांतून फिरायला लागले. ज्याच्याजवळून जात तो उठून उभा राही. एक उठला, दुसरा उठला, शेतातल्या बगळ्यांसारखं चाललं होतं. अब्बास मिस्त्री दोनदा थांबले आणि मास्तरांकडे वळले. "मास्टरजी, ये बच्चे पेपर लिखेंगे के मेरे कू सलाम करेंगे?"

"बसा!" मास्तर ओरडले. "मोठ्यायचा मान घरी. हॉलात देव आला तरी उठाचं नाही."

माझ्यापाशी अब्बास मिस्त्री मुद्दाम रेंगाळत. वाकून माझ्या ओठांकडे पाहत. "काहून वं बाई, मंत्र मारून राह्यली का पेपरावर? होंठ हलते तुये." मला रडू यायचं, आणि रडताना सरकी धरून ठेवणं किती कठीण आहे, ते ज्यानं केलं त्यालाच माहीत. संक्रांतीच्या सुमारास एका रविवारी ते माझ्यापाशी बराच वेळ उभे राहिले आणि काहीच न बोलता पुढे गेले. ओसरीच्या टोकाला जाऊन त्यांनी मास्तरांना एक बोट वर करून दाखवलं, एक तयार झाली अशा अर्थानं. माझी सरकी जागेवर होती.

पेपर संपला की मास्तर ताट वाजवत. "थुंका! अन् आता बोला पोटभर." आम्ही अंगणात सरक्या थुंकायचो आणि तीन तासांचं सगळं बोलणं एकदम बाहेर पडायचं. त्या पाच मिनिटांत मास्तर भिंतीला टेकून, डोळे मिटून ऐकत असत. गाणं ऐकावं तसे.

यवतमाळला मी पदराच्या गाठीत सरकी बांधून नेली. त्या वर्षीही केंद्र तेच होतं. भूमितीच्या पेपराला दुसरे एक पर्यवेक्षक होते, वयस्कर, चष्मा लावलेले. अर्धा तास झाला असेल. ते माझ्यापाशी थांबले. मी उठले नाही.

"तोंडात काय आहे?"

मी सरकी तळहातावर काढून दाखवली. त्यांनी ती उलटी केली, तिच्यावर काही लिहिलेलं आहे का, ते पाहिलं. सरकीवर कोण काय लिहिणार?

"फेक," ते म्हणाले. "हॉलमध्ये काही खायचं नाही."

मी ती खिडकीतून फेकली. आणि बसून राहिले. समोर प्रमेय होतं, लिहायचं अर्धं उरलं होतं, आणि मला माझे ओठ जाणवत होते, नुसते ओठ. त्यांच्यात काही नव्हतं. मला बाबांचं वाक्य आठवलं, दुसरं मांगू नोका. मग मी टाक उचलला. ओठ मिटलेलेच राहिले. मधे काही नसताना ते मिटलेले राहिले, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते प्रमेय मला ऐकू आलं नाही, दिसलं. दोन बाजू सारख्या आहेत म्हणून दोन कोन सारखे आहेत. मी कागदावरच्या त्रिकोणाकडे पाहिलं आणि तसं ते खरंच होतं. मास्तर पंधरा वर्षं जे ओरडून सांगत होते, ते इतकं शांत होतं.

मी पास झाले. नागपूरला कॉलेज केलं, ग्रंथालयाचा डिप्लोमा केला. छप्पन साली आमचा जिल्हा मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला होता. ज्या राज्यातून जिल्हा निघाला, त्याच राज्यात मी एकटी परत गेले.

जबलपुरात मला बरं चाललं आहे. वांग्याला भटा म्हणते, कपाटाला अलमारी. भाजीवाल्याला भैया म्हणते, मुली मला दीदी म्हणतात. वाचनालयाच्या भिंतीवर 'कृपया शांति बनाये रखें' अशी पाटी आहे, तिच्याखाली माझं टेबल. ती पाटी मला शोभते, असं इथले लोक गमतीनं म्हणतात. शांत बाई म्हणून माझं नाव आहे. मराठी बोलायला एक कुटुंब आहे, ज्यांच्या घरी मी राहते, पण त्यांचं मराठी पुण्याकडचं. तिथे 'मले' म्हटलं की त्यांची मुलं हसतात, म्हणून मी 'मला' म्हणते, आणि तेही थोडंच. मास्तरांनी बसथांब्यावर जे पाहिलं, ते बरोबर पाहिलं होतं. परीक्षेसाठी दिलेली गोष्ट मी आयुष्यासाठी धरून बसले होते.

बाबांचं पत्र दुपारी वाचनालयातच आलं. बाबांना लिहायची सवय नाही, अक्षरं मोठमोठी, वाकडी.

"गावंडे मास्तर गेले. दोन दिवस ताप होता. शाळेले सुट्टी दिली. अब्बास मिस्त्रीनं खांदा देला, मंग जिन बंद ठेवाले लावलं. मास्तरच्या अंगणात भित्तीपाशी कापसाची पऱ्हाटी उभी हाये. कोनं पेरली नाही. तुमी थुकत होते तिथूनच आली म्हनते मास्तरीन. मास्तर तिले उपटू देत नव्हते. बोंडं फुटली हायेत. तुले सांगाले पायजे म्हनून लिवतो."

अर्धं झाल्यावर माझ्या लक्षात आलं की माझे ओठ हलत आहेत. बाबांचं प्रत्येक अक्षर मी म्हणत होते, पुटपुटत नव्हते, म्हणतच होते. समोरच्या टेबलावर एक मुलगी परीक्षेचं वाचत बसली होती. तिनं मान वर केली.

"दीदी, आपने कुछ कहा?"

इतकी वर्षं याला माझं उत्तर एकच असायचं, 'नहीं'. त्या दिवशी मी पाटीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "हो," मी म्हटलं. "इधर आके बैठ. माहे एक मास्तर होते."

तिला माझे सगळे शब्द कळले नसणार. अर्धं हिंदी, अर्धं वऱ्हाडी, मधेच भूमितीचं. पण ती ऐकत होती, आणि मी घंटा होईपर्यंत बोलत राहिले. अब्बास मिस्त्रींच्या कोटाला ती हसली. गिळलेल्या सरकीलाही हसली.

घर कुठे आहे, असं कोणी विचारलं तर मी अजून आर्णीच सांगते, पण आता तिथली एक ओसरी माझ्याजवळ इथेही आहे. मी बोलायला सुरुवात केली की ती उघडते. मास्तर भिंतीला टेकून डोळे मिटून बसलेले असतात, आणि ताट वाजलेलं असतं.